अंशतः यशस्वी

आमच्या साहेबांना बॅकअपबद्दल एकच प्रश्न पडतो आणि तो ते रोज सकाळी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारून मोकळे होतात. "काल रात्रीचा बॅकअप झाला ना?" त्या 'ना'मध्ये सगळं आलं. हो म्हटलं की दिवस सुरू, नाही म्हटलं की मीटिंग सुरू. पंचाईत अशी की आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरला, म्हणजे नेटबॅकअपला, तिसरंही उत्तर ठाऊक आहे. काम फत्ते झालं तर स्टेटस ०. स्टेटस १ आला तर 'काम अंशतः यशस्वी'. आता दहावीच्या निकालापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत बहुतेक गोष्टी याच सदरात मोडतात, पण साहेबांच्या रिपोर्टात तसा रकानाच नाही. तिथे हिरवा नाहीतर लाल. मग १ कुठल्या रंगात घालायचा हे ठरवायला कोणालातरी लॉग वाचावे लागतात. तो कोणीतरी म्हणजे मी.

बॅकअप घेणारा अप्लायन्स खाली सर्व्हर रूममध्ये असतो. सर्व्हर, डिस्क, लिनक्स आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर एकाच डब्यात भरून, वर झाकण घट्ट लावून देतात त्याला अप्लायन्स म्हणायचं. पुटी या प्रोग्राममधून आत शिरलं की लिनक्सचा ओळखीचा प्रॉम्प्ट भेटत नाही, एक मेनू भेटतो. मेन मेनू, मग सपोर्ट, मग लॉग्ज, मग ब्राउझ असे चार उंबरे ओलांडल्यावर 'लॉगरूट' असा प्रॉम्प्ट येतो. इथे एलएस, सीडी, लेस, टेल अशा मोजक्या कमांड चालतात. इथे वाचायचं, हात लावायचा नाही. माझी तक्रार नाही. आमच्यातल्या काही हातांचा अनुभव घेतल्यावर मीही हेच केलं असतं.

लेसने फाइल उघडली की मोठा जी दाबायचा, थेट शेवटच्या ओळीवर. तिथून वर सरकत यायचं. शोधायला स्लॅश, पुढच्या जागी जायला एन, बाहेर पडायला क्यू. हे क्यूचं नव्या मुलांना कोणी सांगत नाही. ती खिडकीच बंद करतात आणि पुन्हा चारही उंबरे ओलांडून येतात.

आत गेल्यावर खरी गंमत सुरू होते. नेटबॅकअपच्या जुन्या पद्धतीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर त्रिकोणी कंसात एक आकडा असतो. २ म्हणजे नुसती बडबड, ४ म्हणजे माहिती, ८ इशारा, १६ चूक, ३२ म्हणजे धावा. आकडा जितका मोठा तितकं संकट मोठं. त्याच डब्यातल्या लिनक्सला मात्र सिसलॉगची रीत. सेंडमेल लिहिणाऱ्या एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात घालून दिलेली. तिच्यात ० म्हणजे प्रलय आणि ७ म्हणजे बडबड; आकडा चढेल तसं संकट उतरतं. दोन्ही पद्धती शेजारशेजारच्या फोल्डरांत सुखाने नांदतात. घाम फुटतो तो वाचणाऱ्याला.

तारखेचीही तीच तऱ्हा. फाइलच्या नावात तारीख सहा आकड्यांत असते आणि अमेरिकी रिवाजाने महिना आधी. ०३०४२५ ही ३ एप्रिल नव्हे, ४ मार्च. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलाने ही फाइल उघडली, १६ नंबरच्या ओळी पाहिल्या आणि थेट साहेबांना फोन लावला. महिन्याभरापूर्वी मिटलेल्या भानगडीवर तासभर कॉन्फरन्स कॉल झाला. कॉलवरच्या कोणीही तारीख तपासली नाही. उलट "आता सिस्टिम स्टेबल वाटते आहे" असा निष्कर्षही निघाला.

लॉगने किती बोलायचं हेही आपल्या हातात असतं, ० पासून ५ पर्यंत. काही बिघडलं की पाचावर न्यायचं, बिघाड पुन्हा व्हायची वाट पाहायची आणि काम झालं की खाली आणायचं. यातली तिसरी पायरी ज्याने करायची असते त्याची नेमकी बदली होते. मग लॉग बोलतच सुटतो, एके दिवशी त्याचीच डिस्क भरते आणि मूळ दुखणं राहतं बाजूला. अप्लायन्सबाहेरच्या साध्या सर्व्हरवर मात्र उलटा प्रकार आहे. तिथे जुन्या पद्धतीच्या लॉगसाठी त्या त्या नावाचा फोल्डर आधी आपण करून ठेवावा लागतो. नसेल तर ती प्रोसेस एक अक्षरही लिहीत नाही. इतका मानी कारकून मी कुठल्याच सरकारी कचेरीत पाहिलेला नाही.

माझा जीव खरा रमतो तो फोल्डरांच्या नावांत. बीपीबीआरएम, बीपीटीएम, बीपीबीकार. सगळ्यांच्या सुरुवातीला 'बीपी' का? रक्तदाबाशी संबंध नाही, नंतर जुळतो तो वेगळा. १९८७ साली क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी कंट्रोल डेटाने एक बॅकअप सॉफ्टवेअर केलं. पुढे त्याचं नाव बॅकअपप्लस झालं, त्याचा हा बीपी. मग ओपनव्हिजन कंपनीने ते घेतलं, म्हणून मुख्य फोल्डर 'ओपनव्ही'. १९९७ ला व्हेरिटास, २००५ ला सिमँटेक, २०१६ ला परत व्हेरिटास आणि डिसेंबर २०२४ पासून कोहेसिटी. पेठेतला वाडा पाच वेळा विकला गेला तरी पोस्टमन पत्र जुन्या मालकाच्याच नावाने टाकतो, तसं आहे हे. बीपीटीएममधला 'टी' टेपचा. आमच्याकडे औषधालासुद्धा टेप नाही, सगळं डिस्कवर. पण डिस्कवर लिहिणाऱ्याचा हुद्दा आजही टेप मॅनेजर.

असो. एके दिवशी असाच स्टेटस १ आला. बीपीबीआरएमचा लॉग उघडला, स्लॅश मारून इशारे शोधले. मध्यरात्र उलटून गेल्यावरची एक ओळ सापडली. फाइल सर्व्हरवरून आलेली, मजकूर असा : फाइल उघडता येत नाही, विन३२ एरर ३२, दुसरी प्रोसेस ती वापरते आहे. पुढे फाइलचं नाव, 'जीएसटी मार्च सुधारित नवीन'. लाखो फायली नीट गेल्या होत्या, ही एक तेवढी राहिली. आदल्या रात्रीच्या लॉगमध्ये हीच ओळ. त्याच्या आदल्या रात्रीही हीच.

अकाउंट्समध्ये गेलो. म्हटलं, "ताई, तुमची जीएसटीची फाइल रात्रभर उघडी असते."

"असते की. मी बंदच करत नाही."

"का?"

"बंद केली आणि सकाळी उघडलीच नाही तर? एकदा झालंय तसं. स्क्रीन लॉक करते मी, काळजी नको."

"पण त्यामुळे तिचा बॅकअप होत नाही."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, मग तुम्ही रात्रभर करता काय?"

याला लॉगमध्ये उत्तर नव्हतं. विंडोजमध्ये उघड्या फाइलचाही स्नॅपशॉट घेणारी व्हीएसएस नावाची सोय आहे. त्या जुन्या सर्व्हरवर ती चालू करावी की करू नये यावर आमच्याकडे एक समिती आहे. समितीचं कामही अंशतः यशस्वी आहे. चहा झाला आहे.

साहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, रकाना हिरवा केला आणि म्हणाले, "एकच फाइल ना?" जीएसटीची नोटीस येईल त्या दिवशी हीच एक फाइल लागणार, हे मी मनातच ठेवलं.

तेव्हा अकाउंट्स, एचआर, परचेस आणि जे कोणी हे वाचत असतील त्या सर्वांना हात जोडून विनंती : संध्याकाळी निघताना स्क्रीन जरूर लॉक करा, पण त्याआधी एक्सेल बंद करा. सकाळी उघडलं नाही तर मी आहे. बंदच केलं नाही तर मीसुद्धा काही करू शकत नाही.