बारनिशीचे अण्णा

अकोले तालुक्यातील राजूर म्हटले की परगावच्या माणसाला पेढे, डांगी जनावरांचे प्रदर्शन, फार तर भंडारदऱ्याचा रस्ता आठवतो. परंतु जेथे आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे आणि त्यायोगे कागदांची आवकजावक बारमाही आहे, त्या गावाचे खरे भूषण निवृत्त बारनिशी कारकून हेच होय. आमच्या आळीतले अण्णा हा त्या जातीचा अस्सल नमुना. जगातील यच्चयावत दुःखे कोणीतरी अधिकार नसताना सही केल्यामुळे उद्भवली, असा त्यांचा सिद्धान्त असून, लग्नपत्रिकेतील निमंत्रकांच्या नावांपुढेही ते पदनाम शोधतात.

अण्णांचा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीचे काम त्यांच्याच ओसरीवर बसून करतो. त्याने रचलेला प्रोग्रॅम ठिकठिकाणच्या दूधसंकलनाचे आकडे रात्री गोळा करून, त्यांचा मेळ घालून, पहाटे साहेबमंडळींना अहवाल ईमेलने रवाना करीत असे. निदान करावा, अशी अपेक्षा होती. दिवसा पुतण्याने स्वहस्ते चालवला की अहवाल बिनबोभाट पोहोचे; मात्र पहाटे तोच प्रोग्रॅम आपोआप चालला की, या प्रेषकाच्या नावे पाठवण्याची परवानगी नाही, असा ‘550 5.7.60’ क्रमांकाचा शेरा मारून सर्व्हर अहवाल परत करी. पुतण्याने पासवर्ड बदलला, 587 क्रमांकाचे पोर्ट तपासले, फायरवॉलवर संशय घेतला आणि अखेरीस सर्व खापर राजूरच्या पावसावर फोडले.

अण्णांनी चष्मा पुसला आणि चौकशी आरंभली.

“दिवसा हा चालतो कोणाच्या नावाने?”

“माझ्या, अण्णा.”

“आणि पहाटे?”

“सर्व्हिस अकाउंटच्या.”

“पत्रावर प्रेषक कोण?”

“अहवाल विभागाचा ईमेल.”

“मग त्या विभागाच्या नावे लिहिण्याचा हुकूम तुझ्यापुरता झालेला आहे, तुझ्या रात्रपाळीच्या गड्याला तो आहे कोठे? सर्व्हरने केले ते कायदेशीरच केले!”

पासवर्ड बरोबर आहे, हे पुतण्याने तीनतीनदा सांगून पाहिले. परंतु कचेरीत शिरता आले म्हणजे साहेबांची सही करण्याचा अधिकार आला, हे मानण्यास अण्णांची हयातभराची नोकरी आड आली. ‘सेंड अ‍ॅज’ म्हणजे थेट विभागाच्या नावाने लिहिणे आणि ‘सेंड ऑन बिहाफ’ म्हणजे ‘जिल्हाधिकारी करिता’ अशी उघड सही करणे, हा भेद पुतण्याने भीतभीत सांगताच अण्णांचा चेहरा उजळला. संगणकशास्त्रात एवढे शहाणपण असेल, अशी त्यांची कल्पना नव्हती.

तो आदर लवकरच ओसरला. ईमेल पोहोचवण्याची मूळ नियमावली जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिली, तीत प्रेषकाची ओळख पटवण्याची तरतूदच नव्हती आणि ती पुढे 1999 साली जोडली गेली, हे ऐकून अण्णांनी हातातील चहाचा कप खाली ठेवला. “सतरा वर्षे बारनिशीवर कोणी माणूसच नव्हता?” असे त्यांनी ज्या स्वरात विचारले, त्या स्वरात माणसे अफरातफरीची बातमी विचारतात.

पुतण्याला घाई होती. सर्व्हिस अकाउंटला सरसकट प्रशासकाचे अधिकार देऊन मोकळे व्हावे, हा त्याचा मनसुबा अण्णांनी तत्क्षणी नामंजूर केला. “एका टपालासाठी अख्खी मुखत्यारी? उद्या तो तुझ्या साहेबांच्या नावे त्यांचाच राजीनामा धाडील!” शेवटी अण्णांच्या मसुद्याबरहुकूम रीतसर अर्ज गेला, त्या एका ईमेलपुरतीच ‘सेंड अ‍ॅज’ परवानगी सर्व्हिस अकाउंटला मिळाली, आणि तरीही काही वेळ तोच शेरा येत राहिला, कारण असा बदल अमलात येण्यास कधी तासभरही लागतो. पुतण्या कासावीस झाला. हुकूम निघणे आणि हुकूम पोहोचणे यांतील अंतरावर ज्यांचा संसार चालला, ते अण्णा स्वस्थपणे सुपारी कातरीत बसले.

अहवाल आता पहाटे सुरळीत जातो. ज्या वाचकांचे असे ईमेल परत येत असतील त्यांनी खुशाल राजूरला येऊन अण्णांची गाठ घ्यावी. मात्र तक्रार लेखी असावी आणि तिच्यावर सही, तारीख व जावक क्रमांक असावा, एरव्ही ते ती आवक करून घेत नाहीत.