गरुडपुराणाशेजारी

आमच्या आत्याच्या मते मी कॉलेजातला भटजी आहे. 'धर्म आणि मराठी साहित्य' हा माझा संशोधनाचा विषय एकदा तिच्या कानावर गेला, तेव्हापासून वास्तुशांत असो की साखरपुडा, मुहूर्तासाठी फोन मलाच. "एवढी पुस्तकं वाचलीस आणि साधं पंचांग बघता येत नाही?" यावर माझ्या पीएचडीत उत्तर नाही.

तरी आत्या बरी. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' काखोटीला मारून मी हिंडायचो, तेव्हा शेजारचे काका आईला हळूच विचारून गेले, "घरी सगळं ठीक आहे ना?" पुढे मुसलमान संतकवी शेख महंमदांसाठी माझ्या श्रीगोंद्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी विचारणंच सोडलं.

काकांना तरी काय बोलणार? १५७९ साली गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट येशूची कथा मराठी ओव्यांत रचतो, त्याही दहा हजारांवर, आणि १६१६ मध्ये ती रायतूरला रोमन लिपीत छापून निघते. असला ग्रंथ ठेवायचा कुठल्या कपाटात? आमच्या ग्रंथालयातल्या शिपायाला हा प्रश्न पडला नव्हता. नावात पुराण आहे ना, मग गरुडपुराणाशेजारी! 'योगसंग्राम' त्याने योगासनांच्या पुस्तकांत लावला होता. तो लिहिणारे शेख महंमद रागावले नसते. ज्यांच्या गुरूचं नावच चांद बोधले, त्यांना कप्प्यांचं काय कौतुक? (महानुभावांनी ही कटकट मुळातच ठेवली नाही. पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या; पंथाबाहेरच्याला त्या वाचताच येईनात, मग लावायच्या कुठे हा प्रश्न पडणार कुणाला?)

पुढे ग्रंथालय समितीवर माझी वर्णी लागली आणि मी विद्वत्ता दाखवली. 'क्रिस्तपुराण' रीतसर ख्रिस्ती साहित्यात हलवलं. तेव्हापासून त्याच्यावर धूळ. आधी निदान चुकून तरी ते कुणाच्या घरी जायचं. एक पेन्शनर आजोबा बायकोच्या सुतकात गरुडपुराण न्यायला आले आणि घाईत शेजारचं घेऊन गेले. आठवड्याने परत करताना म्हणाले, "भाषा फार गोड आहे हो. पण हा कुठला अवतार?"

इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतका चांगला प्रश्न विचारलेला नाही.

गेल्या गुरुवारी ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी ते पुस्तक गुपचूप उचललं आणि परत गरुडपुराणाशेजारी नेऊन ठेवलं. मुहूर्त अर्थातच बघितला नाही.