कोंबडा, सासरे आणि निर्गम अठरा

'नाही' म्हणता न येणारा एक माणूस प्रत्येक मंडळीत असतो. आमच्या मंडळीत तो मी. त्यातून आमचं गाव नगर. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं, १८४२ साली इथूनच 'ज्ञानोदय' निघालं. म्हणजे कामाची परंपरा दांडगी. इथं दोन ख्रिस्ती माणसं एकत्र आली की कमिटी होते आणि सेक्रेटरी म्हणून तिसरा शोधला जातो. तो तिसरा मी.

कॉयरमध्ये तबला माझा, संडे स्कूलचा वर्ग माझा, सहलीच्या बसचा हिशेब माझा, नाताळच्या नाटकात हेरोदही मीच. घरी गॅस संपला, लाइटबिल थकलं, मुलीच्या शाळेत पालकसभा निघाली, की बायकोला मी मत्तयाचा सहावा अध्याय ऐकवायचो. उद्याची चिंता नको, देवाचं राज्य आधी. त्या राज्यात गॅसचा नंबर कोण लावतो, हे ती विचारायची. तोवर मी मीटिंगला पोचलेला असे.

एकदा तिनं माझी तुलना थेट ना. वा. टिळकांशी केली. मी फुललो. टिळक हातातला पैसा देऊन मोकळे व्हायचे आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाई करायच्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ''पण टिळकांनी भजनं लिहिली,'' ती पुढे म्हणाली, ''तुम्ही मिनिट्स लिहिता.''

अशात हंगामाचा सण आला. लोक भोपळे, ऊस, कणसं, अंडी, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मांडणी माझ्याकडे, तबला माझ्याकडे, लिलावही माझ्याकडे. घाईत दाराशी एक पिशवी दिसली. आत पेरू, पिशवीला बांधलेला एक रुबाबदार कोंबडा. कुणी भाविक लाजून दाराशीच ठेवून गेला असणार, असं समजून मी ते सगळं वेदीपुढे नेलं.

लिलावात कोंबड्याला मागच्या बाकावरून बोली आली. पाहतो तर सासरे! गावाहून एसटीनं थेट चर्चमध्ये उतरलेले. मला भरून आलं. म्हातारा माणूस, पण दानत केवढी! मी चेव येऊन बोली चढवली. मामा हात वर करत होते, तोंडानं काहीतरी सांगतही होते. मी त्याला ''हालेलुया'' समजलो. सातशे रुपयांवर हातोडा पडला. मामांनी पैसे मोजले, कोंबडा काखेत मारला आणि शांतपणे म्हणाले, ''जावईबापू, हा नातीसाठी घरूनच आणला होता.''

घरी कुणी हसलं नाही. मुलगी तर कोंबड्याकडे सहानुभूतीनं बघत होती. मी चाचरत म्हणालो, ''मामा, शेवटी देवालाच अर्पण झालं ना?'' मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसापुढे हे बोलायला नको होतं. त्यांनी आधी मार्काचा सातवा अध्याय काढला. आईबापांच्या वाट्याचं 'देवाला अर्पण' म्हणून मोकळं होणाऱ्यांना येशूनं तिथं चांगलंच झापलंय. मग निर्गमचा अठरावा.

या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो येतो, तोच मुळी मोशेची बायको आणि दोन मुलं सोबत घेऊन. ती तोवर त्याच्याकडेच होती. हे वाचताना मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसतो आणि लोक ताटकळत उभे. इथ्रो सांगतो, तूही थकशील, हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. ''मोशेला सगळं सोडायला नाही सांगितलं,'' मामा म्हणाले. ''देवापुढे लोकांची बाजू मांडणं, त्यांना शिकवणं, अवघड खटले पाहणं, एवढं त्याच्याकडे ठेवलं. तुमच्याकडे काय ठेवायचं?''

मी गप्प. कारण कामं मी निवडलीच नव्हती. ज्यात माझं नाव पुकारलं जाईल ती घेत गेलो होतो. प्रार्थनेला वेळ नव्हता, पण प्रार्थनासभेच्या खुर्च्या मोजायला होता. देवापासून लपायला इतकी सोयीची जागा चर्चबाहेर मिळाली नसती.

तर मी संडे स्कूलचा वर्ग ठेवला आणि बाकीचं सोडलं. वाटलं, पाळकसाहेब थांबवतील. त्यांनी राजीनामा अशा चपळाईनं घेतला, की जणू तोही अर्पणातच आला होता. तबला आता एक कॉलेजकुमार वाजवतो आणि कॉयर पहिल्यांदाच ठेक्यात गाते. हेरोदाला टाळ्या पडल्या. शनिवारी मी गॅसचा नंबर लावतो, मुलीची वही बघतो.

निर्गमच्या त्याच अध्यायाच्या शेवटी मोशे सासऱ्याला निरोप देतो आणि इथ्रो आपल्या देशी परत जातो. ते वचन मी मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ''छान वाचता हं. पण घाई कसली? अजून लेवीय वाचायचंय.''