तीन सेकंदांची जबानी

जिच्याविषयी विक्रेत्याने ‘लेडी डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना याखेरीज कुठे गेलीच नाही’ अशी शपथपूर्वक ग्वाही दिली होती, आणि जिच्या हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने संगम पुलाजवळच्या आरटीओ कचेरीत रीतसर दाखल करून मी नुकताच कृतकृत्य झालो होतो, त्या २०११ सालच्या मोटारीने पाचव्या दिवशी पहाटे साडेसहाला, सेल्फ मारताक्षणी, पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून कोणी हलवावेत तसा खडखडाट केला. तो अवघे तीन सेकंद टिकला. नंतर इंजिन इतके सौम्य झाले, की आवाज खरोखर झाला की मीच अर्धवट झोपेत ऐकला, असा संभ्रम पडावा. इतक्यात सौ.ने खिडकीतून विचारले, “भंगारवाला आला का हो एवढ्या सकाळी?” आणि संभ्रम फिटला.

त्या आवाजाचा स्वभाव मुरलेल्या साक्षीदाराचा होता. घरी तो मुक्तकंठाने बोले. कोर्टासमोर उभा केला की तोंडात मिठाची गुळणी धरी. मेस्त्रींचे गॅरेज दोन किलोमीटरांवर, आणि तेवढ्या प्रवासात इंजिनाला जी ऊब येई तिने त्याची वाचाच बसे. मेस्त्री बॉनेट उघडत, रेस देत, मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, “साहेब, इंजिन तर मक्खन आहे.” तिसऱ्या खेपेस निरुपाय होऊन मी, एक सेवानिवृत्त हेडक्लार्क, भर रस्त्यात उभा राहून तो आवाज तोंडाने काढून दाखविला. चहा घेऊन आलेला पोऱ्या कपबशांसह थबकला. मेस्त्रींच्या मुद्रेवर मात्र हास्याची रेषाही नव्हती. “परत एकदा करा,” ते म्हणाले, “पण शेवट कसा होतो? एकदम तुटतो का विरत जातो?” विरत जातो, असे मी प्रात्यक्षिकासह निवेदन केले. “मग टायमिंग चेन असावी,” ते पुटपुटले, “पण कानांनी ऐकल्याशिवाय मी इंजिन खोलणार नाही.” एवढी न्यायबुद्धी मी आमच्या कचेरीतील खातेनिहाय चौकशीतही पाहिली नव्हती.

दरम्यान सोसायटीत निदानांना ऊत आला होता. कोणी टॅपेट म्हणे, कोणी पेट्रोलमध्ये भेसळ म्हणे. एकाने तर, गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी असते, याकडे माझे लक्ष वेधले. ज्यांचे मत ऐकण्यासारखे होते ते वरच्या मजल्यावरचे नाना, कारण त्यांनी चाळीस वर्षे तबला वाजविला होता. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा वाल्वची उघडझाप करणारा वरचा कॅमशाफ्ट एकच फेरा घेतो, आणि दोघांना या हिशेबात बांधून ठेवणे एवढेच त्या चेनचे काम, हे मी मेस्त्रींकडून उसन्या आणलेल्या विद्वत्तेने त्यांस सांगितले, तेव्हा नानांनी डोळे मिटले. “म्हणजे वरचा ठायीत, खालचा दुगुनीत,” ते म्हणाले, “आणि चेन हा लेहरा. लेहरा ढिला पडला तर सम चुकणारच.” मैफलीत सम चुकली तर जाणकार श्रोते फार तर खाकरतात; पण अशा इंजिनात चेन दात सोडून सरकली तर पिस्टन उघड्या वाल्ववर आदळतो, आणि मग खाकरण्याची पाळी मालकावर येते.

अखेर मेस्त्रींनी गाडी रात्रभर मुक्कामास ठेवून घेण्याची तजवीज केली. चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते, आणि सकाळी ते पुन्हा वर चढून दाब धरेपर्यंत चेन मोकाट सुटते. साक्षीदार बोलणार तो एवढ्याच वेळात. दुसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही सारे, नानांसह, गॅरेजात हजर होतो. मेस्त्रींनी डिपस्टिक काढून ऑइल पाहिले. ते डांबरासारखे काळे होते. फॅनबेल्ट आधीच उतरविला होता, जेणेकरून अल्टरनेटर आणि वॉटर पंप यांच्यावर नाहक बालंट येऊ नये. मग लांब पेचकसाचे टोक चेनच्या कव्हरवर आणि मूठ कानावर टेकवून त्यांनी पोऱ्यास खूण केली. खडखडखड... आणि शांत. मेस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. “चेन वाढली आहे,” ते म्हणाले.

चेन वाढते म्हणजे लोखंड रबराप्रमाणे ताणले जाते, अशी माझी समजूत होती. वस्तुतः घाणेरड्या ऑइलात तिच्या प्रत्येक कडीची पिन केसाएवढी झिजते आणि शेकडाभर कड्यांची ती झीज एकत्र जमा होते. नाना पेठेतून आणलेल्या नव्या चेनशेजारी जुनी लोंबती धरली, तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी लांब भरली. प्लॅस्टिकच्या गाईडवर तिने चक्क चर पाडले होते. चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, दातेरी चक्रे, नवे ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून १४,००० रुपये झाले. मुद्देमाल म्हणून जुनी चेन मी घरी आणली, सौ.ने ती दोन दिवसांत खऱ्याखुऱ्या भंगारवाल्याच्या स्वाधीन केली.

पैसे मोजताना मेस्त्रींनी सहज विचारले, “साहेब, गाडी बघायला गेलात तेव्हा इंजिन गार होतं का?” मला तो दिवस आठवला. आम्ही पोहोचलो तेव्हा विक्रेत्याने गाडी चालू करून दारात उभी ठेवली होती, आणि केवढा हा आदरसत्कार, म्हणून मी गहिवरलो होतो. बॉनेटवर हात ठेवून फोटोही काढून घेतला होता. हात चांगलाच भाजला होता, पण मुहूर्त मोडू नये म्हणून मी बोललो नाही.

गाडी आता निमूट चालते आणि ती विकण्याचा तूर्त विचार नाही. तथापि कोणास ती हवीच असल्यास त्यांनी पहाटे साडेसहापूर्वी यावे. बॉनेट गार मिळेल.