नवशिक्यांसाठी: सिरोहीचा बोकड गावी कसा आणावा

व्हिडिओतला बोकड पाहून आगाऊ पैसे पाठवून झाले असतील, तर पुढे वाचू नका. तुमचं शिक्षण सुरू झालेलं आहे.

सिरोही ही राजस्थानची जात, तेव्हा बाकीच्यांनी स्वतः तिकडे जावं. लोंबते कान आणि तपकिरी ठिपके बघून हरखू नये, आधी ओठ वर करून दातांवरून वय बघावं. विकणारा 'चार दाती' म्हणेल, तुम्ही मोजा. मग मागे जाऊन दोन्ही वृषण चाचपा. सारखे, घट्ट आणि खाली उतरलेले हवेत. लाज वाटत असेल तर मेव्हण्याला पुढे करा, नाहीतरी तो फुकट फिरायलाच आलेला असतो.

आता गाडी. प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात: साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये फार तर ४० शेळ्या, खाली किमान ५ सेंटिमीटर पेंढा, पाय बांधायचे नाहीत, नर-माद्या एका कप्प्यात नाहीत, सोबत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला. वाटेत विण्याच्या बेतातली शेळी चढवायचीच नाही. ड्रायव्हर म्हणेल, "साठ आरामात बसतात." बसतात. उतरताना मोजा.

दाखला मात्र जनावर बघून दिलेला हवा, चहा पिऊन नव्हे. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस निघण्याच्या तीन आठवडे आधी झालेली बरी. गाडीत चढवताना टोचलेली लस वाटेत कामाला येत नाही. ब्रुसेलासाठी रक्त तपासून घ्या. या रोगाचा बोकड वरून धडधाकट दिसतो, नंतर कळपात शेळ्या गाभडू लागतात. विताना हात घालणाऱ्या माणसालाही तो लागतो.

गावी पोचल्यावरची पायरी सगळ्यात अवघड, कारण इथे नातेवाईक येतात. बोकड २१ दिवस वेगळा बांधायचा. बादली वेगळी, चारा वेगळा, त्याचं काम सगळ्यात शेवटी. नाक वाहू लागलं, तोंडात फोड आले, हगवण लागली, तर पशुवैद्यकीय दवाखाना. दुसऱ्याच दिवशी चुलते दारात उभे: "आमची शेळी माजावर आलीय, जरा दाखवू का?" नाही म्हणा. त्यांची शेळी आजारी पडली तर बोकड तुमचा, आणि तुमचा बोकड आजारी पडला तरी बोकड तुमचाच.

आणि हो, हा सगळा खटाटोप जुळ्या करडांसाठी चालला असेल, तर त्यासाठी नावाजलेली उस्मानाबादी शेळी धाराशिवलाच मिळते. दात मात्र तिचेही बघावे लागतात.