शाल बाजूला ठेवा, प्रश्न विचारा

उन्हाळा सरता सरता संशोधन संस्थांमध्ये पदवीची मुलं आपापली पोस्टरं घेऊन उभी राहतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी नामवंत शास्त्रज्ञांकडे पाठवतात. मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयुका अशाच संधी देतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला दुर्बिणीचा खरा डेटा हाताळायला मिळतो, ही फार मोलाची गोष्ट आहे.

तेच काम ती पुढे एखाद्या महाविद्यालयीन परिषदेत मांडते. तिथे आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण. दुपार होते. मुलीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, चौथ्या मिनिटाला घंटा वाजते आणि जेवणाला उशीर होतो म्हणून प्रश्नोत्तरं रद्द होतात. दोन महिन्यांच्या कष्टांचा हा उघड अपमान आहे.

परीक्षकही पोस्टरचे रंग पाहतात, ‘याचा समाजाला उपयोग काय?’ एवढं विचारतात आणि पुढे सरकतात. विचारायचं ते राहूनच जातं. मोजमाप किती वेळा घेतलंस? त्यात चूक किती असू शकते? यातलं गाइडचं किती, तुझं किती? अपेक्षित निकाल आला नाही, तेव्हा काय केलंस?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. 1887 मध्ये मायकेलसन आणि मोर्ली ईथरचा प्रवाह मोजायला गेले आणि तो त्यांना सापडला नाही. भौतिकशास्त्राच्या इतिहासात तो प्रयोग अजरामर झाला. आपल्याकडे मात्र ‘रिझल्ट आला नाही’ म्हणणारं पोरगं मान खाली घालतं, आणि ग्राफ गुळगुळीत करून आणणारं करंडक घेऊन जातं. खोटेपणाचं पहिलं बक्षीस आपणच देतो.

अमेरिकेत एमआयटीने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा उपक्रम 1969 मध्ये सुरू केला, कॅलटेकने 1979 मध्ये. कॅलटेकच्या उन्हाळी उपक्रमात मार्गदर्शकाच्या मदतीने प्रस्ताव विद्यार्थी लिहितो आणि शेवटी काम मांडतोही तोच. आपल्याकडे यूजीसीच्या 2022 च्या आराखड्याने पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली केली. वाट उघडली, आता त्यांचं नीट ऐकून घेणारे कान हवेत.

म्हणून प्राचार्यांना आणि आयोजकांना कळकळीची विनंती: उद्घाटन दहा मिनिटांत आटपा. प्रत्येक विद्यार्थ्याला पंधरा मिनिटं द्या, त्यातली निम्मी प्रश्नांसाठी राखा. फसलेल्या पण प्रामाणिक प्रयोगासाठी एक वेगळं बक्षीस ठेवा. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. ज्या परिषदेत विद्यार्थ्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही, ती परिषद झालीच नाही असं समजावं.