ॲक्सलचा प्राणायाम : नवसाधकांसाठी मार्गदर्शन

प्रस्तुत अभ्यासक्रम गाडीच्या मालकासाठी नसून गाडीच्या ॲक्सलसाठी आहे. मालकाच्या श्वासाची काळजी घ्यायला माणसे असतात. गाडी ओढ्यात घालताना तो रोखला जातो, पलीकडे पोहोचल्यावर सुटतो आणि दोन्हींचे चित्रीकरण होते. ॲक्सलही त्याच वेळी श्वास घेत असतो. तो कशातून घेतो, हे मात्र क्राउन वाजू लागेपर्यंत कोणी विचारत नाही.

पात्रता

थार, गुरखा, जिम्नी किंवा वडिलांच्या काळातली महिंद्राची जीप बाळगणारा कोणताही गृहस्थ ही साधना करू शकतो. टपावर दिव्यांची पट्टी, मागे जेरीकॅन आणि काचेवर डोंगराचे स्टिकर एवढी पूर्वतयारी झालेली असल्यास उत्तम. झालेली नसल्यास अधिक उत्तम, कारण नळीपुरते पैसे शिल्लक असतील. स्नॉर्केल बसवलेल्यांनी निश्चिंत होऊ नये. स्नॉर्केलमधून इंजिन श्वास घेते. ॲक्सलला त्यात वाटा नसतो.

शरीरपरिचय

ॲक्सलचे हौसिंग म्हणजे लोखंडी पोकळी. आत क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाके, बेअरिंगे, तळाशी गिअर ऑइल आणि उरलेल्या जागेत हवा. ऑइलची चौकशी सर्व्हिसिंगला होते, हवेची कोणी करत नाही. हौसिंगच्या तोंडांशी रबरी ओठांची ऑइल सील असतात. आतले तेल बाहेर जाऊ न देणे हे त्यांचे मुख्य काम. बाहेरचे पाणी आत न येऊ देणे हे त्यांच्याकडून आपण गृहीत धरलेले काम.

हौसिंगच्या माथ्यावर टोपी घातलेले एक बोंडूक असते. तोच ब्रीदर. काही गाड्यांत कंपनी तिथून चेसिसपर्यंत आखूड नळी देते. गाडीखाली आडवे पडून ब्रीदर शोधावा. सापडला नाही, तर जिथे चिखलाचा गोळा सर्वांत घट्ट बसला आहे तिथे खरवडावे.

रेचक

गाडी ताम्हिणी घाट चढते, तेव्हा दात दातांवर घासून ॲक्सल तापतो. समजा, आतली हवा ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसवर गेली. बंद पोकळीत तिचा दाब सुमारे २० टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ३ पीएसआयने वाढतो. ब्रीदर मोकळा असेल तर जास्तीची हवा निमूट बाहेर पडते. हा रेचक.

ब्रीदर तुंबला असेल तर हवा सीलच्या ओठांतून वाट काढते आणि जाताना तेल सोबत नेते. मग चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतात. मिस्त्री सील बदलतो. महिन्याभराने पुन्हा ओघळ. मिस्त्री म्हणतो, “साहेब, सील डुप्लिकेट निघालं.” सील बहुधा अस्सल असते. मागे ड्रम ब्रेक असतील तर हेच तेल ब्रेक लायनिंगवर पोहोचते, आणि तेव्हा विषय ॲक्सलच्या आरोग्यापुरता उरत नाही.

पूरक

आता तापलेली गाडी थेट गार पाण्यात उतरवावी. अनेक साधक हे मार्गदर्शनाशिवाय करतात. आतली हवा आकसते. ९० अंशांवरून ३० अंशांवर आली तर बंद हौसिंगमधला दाब साडेसोळा टक्क्यांनी घटतो. ही ओढ सुमारे १.७ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी भरते.

तुलनेसाठी : २०२० साली आलेल्या थारला कंपनी ६५० मिमी पाण्यात जाण्याची मुभा देते. २५५/६५ आर १८ मापाच्या टायरवर तिच्या चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३९ सेंमीवर येतो. म्हणजे एवढ्या पाण्यात ॲक्सलच्या डोक्यावर जेमतेम २६ सेंमी पाणी. बाहेरून ढकलणारे पाणी वीतभर, आतून ओढणारी पोकळी पुरुषभर. ओढ्याच्या चार मिनिटांत ॲक्सल पूर्ण थंड होत नाही हे खरे, पण यातली पाव ओढही सीलच्या ओठांना पुरते. साध्या ब्रीदरची टोपी पाण्याखाली असेल तर तोही हवेऐवजी पाणीच आत घेतो.

कुंभक

हठयोगात कुंभक ही वरची पायरी. ॲक्सलमध्ये ती गॅरेजची पायरी. आत गेलेले पाणी तेलात घुसळले जाते आणि तेल दुधाळ होते. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते घसरतातही. मध्ये तेलाचा पापुद्रा टिकला नाही तर धातू धातूला खातो. बेअरिंगांवर गंज धरतो तो वेगळाच. पुढच्या दिवाळीत साठच्या वेगाला मागून घुंघुं असा आवाज येऊ लागतो. हा ओंकार नव्हे.

साहित्य

तेल आणि उष्णता सोसणारी, सहा मिमीच्या आसपास आतला व्यास असलेली नळी. मत्स्यटाकीची पारदर्शक नळी घेऊ नये, ती तेलाने कडक होऊन तडकते. ब्रीदरच्या आट्यांना जुळणारे निपल. आटे गाडीगणिक वेगळे असतात, म्हणून जुना ब्रीदर खिशात घालूनच दुकानात जावे. क्लिपा, केबल टाय आणि टोकाला बसवायचा छोटा फिल्टर. एकूण खर्च दिव्यांच्या पट्टीच्या नखाएवढा.

विधी

१. ॲक्सल थंड असताना ब्रीदरभोवतीचा चिखल आधी धुऊन, पुसून काढावा. न पुसता ब्रीदर उघडल्यास तोच चिखल क्राउनवर पडतो आणि उपचारच रोग ठरतो.

२. निपल हलक्या हाताने बसवावे. जोर दाखवण्यासाठी व्हील नट आहेत.

३. नळी वर न्यावी. पुढच्या ॲक्सलची इंजिनच्या खणात, शक्य तितक्या उंच. मागची मागच्या दिव्याच्या आतल्या पोकळीत. सायलेन्सरपासून आणि फिरत्या शाफ्टपासून ती दूर ठेवावी.

४. वाटेत कुठेही झोळ ठेवू नये. झोळात तेलाचे थेंब आणि दमटपणाचे पाणी साठते आणि नळीला पुन्हा बूच बसते.

५. मागचा ॲक्सल चेसिसखाली वर-खाली होतो. जिम्नीत पुढचाही. म्हणून खालच्या टोकाला वळणात पुरेशी ढील ठेवावी. जॅकवर गाडी उचलून चाके पूर्ण लोंबू द्यावीत आणि नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे.

६. वरचे टोक खाली तोंड करून फिल्टरसह बांधावे. इंजिनच्या हवा ओढणाऱ्या पाइपात ते खुपसू नये. ॲक्सलला आपल्या श्वासासाठी दुसऱ्याच्या नाकाची गरज नाही.

७. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही श्वास घेतात. त्यांनाही याच वर्गात बसवावे.

परीक्षा

टोकाचा फिल्टर काढून नळीत तोंडाने फुंकावे. हवा विनासायास गेली पाहिजे. गाल फुगले तर साधक नापास. पाण्यातून आल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवावी आणि सकाळी ड्रेन प्लग किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत गेले असेल तर ते तळाशी बसून आधी बाहेर येते. आले तर चहाही न पिता तेल बदलायला घ्यावे.

शंकासमाधान

*कंपनीने ६५० मिमी म्हटले आहे, मग नळी कशाला?* कंपनीचा आकडा नव्या गाडीचा. तुमच्या ब्रीदरच्या टोपीत किती पावसाळ्यांचा चिखल आहे, हे त्या आकड्याला माहीत नाही.

*नळी वर नेल्यावर वाहत्या ओढ्यात जाता येईल का?* नाही. वाहते पाणी गाडी ढकलून नेते. गाडी नदीला मिळाली तर ॲक्सलचे तेल कोरडे राहील, एवढाच लाभ.

*आमची गाडी पाण्यात जातच नाही.* हमरस्त्यावरून तापून आलेली गाडी तशीच धुण्याच्या रॅम्पवर चढते आणि खालून गार पाण्याचा जोरदार फवारा बसतो. आधी अर्धा तास सावलीत उभी करावी. तुंबलेला ब्रीदर तर कोरड्या घाटातही सील फोडतो.

*ही नळी बाहेरून दिसेल का?* दिसणार नाही. त्यामुळेच आजवर कोणी बसवली नसावी.

*सिद्धी कशी ओळखावी?* पावसाळा सरल्यावर क्राउनचे तेल काढून घ्यावे. ते थोडे काळसर पण स्वच्छ निघाले, आणि मिस्त्री हात पुसत कुरकुरला, “साहेब, हे तर अजून चाललं असतं की, उगाच काढायला लावलंत,” तर साधक उत्तीर्ण झाला असे समजावे. त्याला पैसे द्यावेत, वाद घालू नये.